मनगटावरची कॉफी

आपला वास आपल्या आधीच वर पोचलाय, हे कॉफीबाईला जिन्याच्या वळणावर कळलं आणि तिचा पाय पायरीवर तसाच राहिला. दालचिनी, जायफळ, करपता करपता वाचलेली साखर, तापवलेलं दूध आणि सगळ्याच्या तळाशी कडसर कॉफी. शंकाच नको. तिने मनगट नाकाशी नेलं. मनगटाला नुसता साबणाचा वास होता. पंधरा दिवस ती ताईकडे होती आणि परफ्युमची बाटली तिथेच न्हाणीघरात राहिली होती. आज सकाळी ते लक्षात आलं तेव्हा तिने मनाशी म्हटलं होतं, असू दे, केंद्रातल्या कपाटात दुसरी आहे, गेल्या गेल्या लावू. म्हणजे आज ती बिनवासाची आली होती आणि वास मात्र वेळेवर हजर होता. तिला आधी हसू आलं, बाटली फुटली असणार, कुणीतरी धांदरटपणा केला असणार. पण फुटलेल्या बाटलीचा वास एका जागी बसून राहतो, फरशीला धरून. हा फिरत होता. कुणीतरी तो अंगावर घेऊन या खोलीतून त्या खोलीत गेलं होतं, दाराशी थांबलं होतं, परत आलं होतं. खालच्या टायरच्या दुकानात हवा भरायचं यंत्र धडधडत होतं आणि ती कठड्याला धरून उभी होती, आपल्याच घरात चोर शिरल्यावर माणूस उभं राहतं तशी.

केंद्र म्हणजे टायरच्या दुकानावरच्या चार खोल्या. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशी मोजकी मुलं तिथे सकाळी येत आणि दुपार कलली की घरी जात. अशा मुलासमोर उभं राहून उपयोग नाही, हाक मारून तर नाहीच. म्हणून इथे प्रत्येक मोठ्या माणसाला एक खूण होती, मुलाच्या हाताला किंवा नाकाला लागेल अशी. व्यायाम घेणाऱ्या सरांची दाढी. स्वयंपाकीणबाईंच्या हातातलं जाड कडं. मोठ्या बाईंच्या घड्याळाचा रुंद चामडी पट्टा, जो त्या झोपतानाही काढत नसाव्यात असा सगळ्यांना संशय होता. मूल जवळ आलं की आधी आपली खूण त्याच्या हातात द्यायची, मग पुढचं बोलणं, तेही हातावर हात ठेवून. खूण म्हणजे नाव. नव्या माणसांना हे शिकवायचं काम कॉफीबाईकडे होतं आणि ती दर वेळी बजावून सांगायची की दाढी काढायची असेल तर आधी मुलांना सांगा, आणि दुसऱ्याची खूण चुकूनही लावू नका. तिची स्वतःची खूण हा वास होता.

तो तिने निवडला नव्हता. थंडीच्या सुट्ट्या आल्या की दुकानांतून मसाल्याची ती गोड कॉफी मिळायला लागते, वर फेसाचा डोंगर घातलेली. कुणाच्या तरी डोक्यातून त्या कॉफीचा परफ्युम निघाला आणि ताईला तो एकावर एक फुकट मिळाला. ताईला फुकटाचं वावडं कधीच नव्हतं. "तू लाव गं, तुला काय, तू कामावर जातेस," ताई म्हणाली. "अंगाला कॉफी फासून जाऊ? लोक बिस्किटं बुडवतील," असं म्हणून तिने नाक मुरडलं होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी घाईघाईत दोन्ही मनगटांवर मारला होता, कारण रात्रीपासून नळाला पाणी नव्हतं आणि अंघोळ राहिली होती. नेमकी त्याच दिवशी ती पोर केंद्रात पहिल्यांदा आली. आली म्हणजे आणली. आई दाराशी रडत होती आणि पोर टेबलाखाली शिरून असा आवाज काढत होती की खालच्या दुकानातली माणसं वर आली. मोठ्या बाईंचा पट्टा तिने झिडकारला, सरांची दाढी ओढली. कॉफीबाई टेबलाखाली नुसता हात घालून बसून राहिली, तासभर तरी. मग त्या हातावर एक नाक टेकलं. नाकाने मनगट हुंगलं, सोडलं, पुन्हा हुंगलं. आवाज थांबला. पोरीने ते मनगट दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या तोंडावर ओढून घेतलं आणि तशीच झोपून गेली. तेव्हापासून ही कॉफीबाई. खरं नाव पगारापुरतं उरलं. आणि पोरीचा हुकूम सगळ्या केंद्रावर चालू लागला म्हणून ती राणीसाहेब. राणीसाहेबांनी तिच्यासाठी हाक तयार केली ती अशी: स्वतःचं मनगट स्वतःच्या नाकाला लावायचं. दिवसातून किती वेळा ते मनगट नाकाकडे जायचं! पाणी हवं, मनगट नाकाला. पडले, मनगट नाकाला. काही नको, उगीच, तरीही. जन्मात कुणी तिला इतक्या हाका मारल्या नव्हत्या.

मोठ्या बाईंनी तिला पाहिलं आणि खुर्चीतून उठून जवळच घेतलं. ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन कसं झालं, टाके कसे आहेत, सगळं विचारून झालं. मग त्या एकदम लहान मुलासारख्या खुलल्या. "तुम्हाला एक आनंदाची गोष्ट सांगू? तुम्ही गेलात तेव्हा आम्ही जीव मुठीत धरून बसलो होतो. म्हटलं आता राणीसाहेब छप्पर डोक्यावर घेणार. पण काय सांगू तुम्हाला, एकदाही नाही! एकदा म्हणून आठवण नाही काढली पोरीने तुमची. तिला कळलंच नाही तुम्ही नव्हतात ते." कॉफीबाई हसली. हसायलाच हवं होतं, त्या इतक्या कौतुकानं सांगत होत्या. "ती बदलीवरची मुलगी आली ना, पहिल्या दिवशी पोरीने दोन तास रडून काढले. मग मलाच सुचलं. तुमची बाटली होती कपाटात. म्हटलं लाव गं थोडं. आणि जादू! हे करायला नको होतं, नियमात बसत नाही, तुम्ही मला रागवाल, पण लेकराचे हाल बघवेनात हो." लेकराचे हाल बघवत नाहीत यावर कुणी काय बोलणार? "बरं केलंत," ती म्हणाली. आपला आवाज तिला नीट ऐकू आला, अगदी सरळ, कुठेही न चिरकता.

वर्गाच्या दाराला छातीच्या उंचीवर काच होती. बदलीवरची मुलगी सतरंजीवर मांडी घालून बसली होती, गोड चेहऱ्याची, केस घट्ट बांधलेली, आणि राणीसाहेब तिच्या मांडीवर पाठ टेकून लाकडी मणी ओवत होत्या. मध्येच हात थांबले. पोरीने मागे न वळता त्या मुलीचं मनगट शोधलं, नाकाशी नेलं, श्वास घेतला आणि परत मणी. तो श्वास कॉफीबाईला पाठ होता. आधी जरा अडकतो आणि मग खांदे खाली येतात. तसाच. अगदी तसाच आला, त्यात कणभर उणं नव्हतं. तिला वाटत होतं, निदान काहीतरी वेगळं असेल, एखादा क्षण पोर थबकेल, मान तिरकी करेल. काही नाही. बदलीवरच्या मुलीने काचेतून तिला पाहिलं, ओशाळून हसली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. "चालेल ना मॅडम? मला सांगितलं म्हणून लावला. फार छान आहे तुमचा वास. ती मला पण तशीच हाक मारते, अशी," आणि तिने मनगट नाकाला लावून दाखवलं. कॉफीबाईने दोन पावलं मागे घेतली, कारण त्या मुलीच्या अंगावरून ती स्वतःच चालून येत होती. तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "आज हिचा शेवटचा दिवस आहे, तो तिला पुरा करू दे. तुम्ही उद्यापासूनच या. एका खोलीत दोन दोन कॉफीबाई झाल्या तर पोरीचा गोंधळ उडेल." हेही बरोबरच होतं. त्या बाईंचं सगळंच बरोबर असायचं, तोच त्यांच्याशी भांडण्यातला अडथळा होता.

ती रस्त्यावर आली आणि बसस्टॉप मागे टाकून चालत राहिली. आपल्याला राग आलाय का, हे तिने तपासून पाहिलं. त्या मुलीचा नाही. मोठ्या बाईंचाही नाही. पोरीचा यायचा प्रश्नच नव्हता, आणि तरी दुखत होतं ते तिथेच, पोरीच्या खाली आलेल्या खांद्यांपाशी. पोटात दुखतंय तुझ्या, सरळ म्हण ना, तिने स्वतःला ठणकावलं. एका पोरीचे पंधरा दिवस सुखात गेले आणि तुझ्या पोटात दुखतंय. ती रडायला हवी होती का? टेबलाखाली बसून घसा फोडायला हवा होता का तिने, म्हणजे तुला बरं वाटलं असतं? हो, आतून उत्तर आलं, थोडं रडायला हवं होतं. एक दिवस. निदान अर्धा. आणि या उत्तराची तिला इतकी लाज वाटली की समोरून येणाऱ्या माणसाला वाट द्यायच्या निमित्ताने ती दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या तो आठवडा तिला आठवला, आठवायला नको होता तरी. ताई यायची ठरली होती, पण तिच्या मुलाला ताप आला, म्हणून ही गेली. दोघी बहिणींचा आवाज एकच. फोनवर तर भाऊजीसुद्धा फसायचे. बाबांनी पहिल्याच घोटाला म्हटलं, "आलीस ताई? मला वाटलंच होतं तू येशील." ती सांगणार होती. चमचा त्यांच्या ओठाशी होता, औषध सांडलं असतं, म्हणून म्हटलं नंतर सांगू. नंतर ते झोपले. संध्याकाळी ते हात चाचपत तिचा हात शोधून म्हणाले, "तू आहेस म्हणून निभतंय. धाकटी असती तर एव्हाना दोनदा रडली असती आणि माझ्या अंगावर सूप सांडलं असतं." ती हसली. ताईच्या आवाजात हसायला तिला काही करावं लागत नव्हतं. मग रोजच ते ताईशी बोलत राहिले, धाकटीची काळजी वाटते, तिचं कुठे काही जमत नाही, तू तिच्याकडे लक्ष ठेव, आणि ती "हो बाबा" म्हणत राहिली. स्वतःकडे लक्ष ठेवायचं वचनच दिलं तिने. पट्ट्या निघाल्या तेव्हा बाबा डोळे मिचकावत म्हणाले, "अरे! तू कधी आलीस?" "आत्ताच." "आणि ताई?" "ती गेली आत्ता." बाबा बराच वेळ दाराकडे बघत राहिले. ताईला नंतर सांगितलं तर ती पोट धरधरून हसली, म्हणाली, "माझ्या नावावर फुकटात सेवा झाली गं!" म्हणजे ताईला काही दुखलं नाही. जिच्या जागेवर बसतात तिला दुखत नाही, जी बसते तिला दुखतं, असा तिचा इतकी वर्षं समज होता. आज तोही गेला, आणि त्या गोड चेहऱ्याच्या मुलीला तर कुठेच काही दुखत नव्हतं.

कॉफीच्या दुकानावर सुट्ट्यांचे दिवे लावले होते आणि दारातल्या पाटीवर खडूने तीच कॉफी काढली होती, फेसाचा डोंगर आणि वर दालचिनीची काडी. ती कॉफी आपण आजवर प्यायलेलोच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. कॉफीने तिला पित्त व्हायचं. तरी ती आत गेली. काउंटरवरच्या बाईने कप हातात धरून विचारलं, "नाव काय लिहू?" "कॉफीबाई," ती म्हणून गेली. "कॉफी कळली हो, नाव सांगा," बाई म्हणाली, आणि हिला चटकन दुसरं सुचेचना. शेवटी ताईचं नाव सांगितलं. पहिला घोट घेतला आणि ती चाटच पडली. हा तो वास नव्हताच. लवंग नको इतकी, साखर तोंडाला मिठी बसवणारी, आणि कॉफी तर कुठल्या कुठे. हिच्यावरून तो परफ्युम केला म्हणे! तिच्या मनगटावर येऊन तो बराच सुधारला असावा. की तिच्याच नाकाने त्यात पोरीच्या केसांचा, दुधाच्या ओघळाचा, सतरंजीच्या धुळीचा वास मिसळून टाकला होता? मग त्या मुलीच्या अंगावर तो सगळा वास कुठून आला? ती कपाकडे बघत बसली. भोवती माणसं पिशव्या सांभाळत बसली होती, कुणी मुलांना ओरडत होतं, आणि जवळजवळ प्रत्येक टेबलावरून तिचं नाव वाफ होऊन वर जात होतं.

पण हात? हात तर माझे आहेत, ती मनात म्हणाली, आणि प्रथमच तिला जरा धीर आला. बटण लावायला कुणी शिकवलं? चमचा तोंडाशी सरळ न्यायला, गरम म्हणजे काय ते कपाच्या बाहेरून ओळखायला, पाऊस म्हणजे काय ते खिडकीबाहेर तळवा धरून कळायला? वर्षभर त्या लहान हातांखाली तिचे हात होते. तिच्या तर्जनीचं पेर वाकडं आहे, दारात सापडलेलं; पोर ते चाळा म्हणून फिरवत बसायची. वास हा फक्त दरवाजा. आत गेल्यावर माणूस वेगळं असतं की नाही? असायलाच हवं. उद्या बिनवासाचं जायचं. अंग घासून अंघोळ करून, काही न लावता, आणि बघायचं. ठरवताक्षणीच तिला माहीत होतं की हे वाईट आहे. दाढी काढायची तर मुलांना आधी सांगा म्हणणारी आपण. लेकराची परीक्षा घ्यायची, तीही आपण नापास होऊ या भीतीपोटी! तिने ते सगळं स्वतःला नीट समजावून सांगितलं, कॉफी तशीच ठेवून उठली, आणि घरी जाईपर्यंत तिचा बेत जसाच्या तसा होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती एकटी सतरंजीवर बसून राहिली. बदलीवरची मुलगी गेली होती. कॉफीबाईने आल्या आल्या खिडक्या उघडून वासही घालवला होता. बाटली कपाटात होती, निम्मी झालेली. पोरीच्या आईने पोरीला दारातून आत सोडलं. राणीसाहेब भिंतीला हात लावत लावत आल्या, सतरंजीची कड पायाने ओळखली, आणि पुढे केलेला हात हिच्या गुडघ्याला लागला. कॉफीबाईचं काळीज इतकं उडत होतं की पोरीला ते गुडघ्यातूनही कळलं असतं. तिने हात पुढे केला. पोरीने तो मनगटापाशी धरला, नाकाशी नेला, श्वास घेतला. खांदे खाली आले नाहीत. पुन्हा हुंगलं, दुसरं मनगट मागून घेतलं, तेही हुंगलं. मग ती दगडासारखी स्थिर झाली. कॉफीबाईने वाकडं पेर हळूच तिच्या तळव्यात सरकवलं. पोरीच्या बोटांनी ते चाचपलं, एकदा, दोनदा, एखादी वस्तू कुणाची असेल असा विचार करत चाचपावं तसं, आणि सोडून दिलं.

मग तिने जे केलं ते कॉफीबाई वर्षभर शिकवत होती आणि पोर वर्षभर ऐकत नव्हती. अनोळखी माणूस आलं की रडायचं नाही, त्याचा हात घ्यायचा, आपल्या खुणेवर ठेवायचा, सांगायचं की मी ही. दर वेळी राणीसाहेब तो हात भिरकावून द्यायच्या. आज तिने कॉफीबाईचा हात शांतपणे उचलला आणि स्वतःच्या कानाच्या पाळीवर ठेवला, तिथे एक बारीकशी खाच होती, तेच तिचं नाव. मी ही. अगदी बिनचूक, शिकवलं होतं तितकंच थांबून. मोठ्या बाई काचेतून बघत असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. कॉफीबाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते अभिमानाचं होतं की कसलं, हे तिला सांगता आलं नसतं. इतक्या चांगल्या रीतीने आजवर तिला कुणी परकं केलं नव्हतं. पोर आता पाहुणीची खूण शोधत होती. गळा, कान, केस, मनगटं, कुठे काहीच सापडेना. थोडी थांबली. आणि मग तिने स्वतःचं मनगट स्वतःच्या नाकाला लावलं, आणि दोन्ही तळवे हिच्या तळव्यांत उपडे-उताणे फिरवले. कॉफीबाई कुठे?

तिला विचारत होती. तिलाच. आठवण काढली होती पोरीने, निघाली होती शोधायला, आणि वाटेत भेटलेल्या पहिल्या माणसाला पत्ता विचारत होती. कॉफीबाईने घाईघाईने पोरीचा हात धरून स्वतःच्या छातीवर आपटला. इथे. मी. मीच. पोरीने हात काढून घेतला, मनगट हुंगलं, मान जोरजोरात हलवली. पुन्हा नाकाला मनगट, पुन्हा कुठे? पुन्हा हिने तिचा हात छातीवर ठेवला, इथे गं, मीच ती, तोंडानेही म्हणत होती, जणू ऐकू जाणार होतं. आणि पोरीने ते मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि कडकडून चावली. शिरेवर, जिथे वास असायचा नेमक्या त्या जागी. दात रुतले ते रुतलेच. कॉफीबाई ओरडली, ते ऐकून मोठ्या बाई धावत आल्या, "अहो, सोडवा! हात काढा! थांबा, मी बाटली आणते." "नको," कॉफीबाई म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. "राहू द्या. माझ्यासाठी चावतेय ती. माझ्या जागेवर बसू देत नाहीये मला." कळ खांद्यापर्यंत गेली तरी तिने हात हलवला नाही. असं तिच्यासाठी कुणी कुणाला चावलं नव्हतं, आणि हे सुख तिला आणखी थोडा वेळ हवं होतं.

मग तिच्या लक्षात आलं की दात रुतलेले असतानाच पोरीने एक हात सोडलाय. तो हात हिच्या मोकळ्या तळव्यात शिरला होता आणि उपडा-उताणा, उपडा-उताणा फिरत होता. कुठे, कुठे, कुठे. सगळं लहानसं अंग थरथरत होतं. कॉफीबाईचं हसू गेलं.

"आणा," ती म्हणाली. "बाई, लवकर आणा ती बाटली."